घंटेचें माहेर

पुणें, सातारा आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतील तीन घंटांकडे प्रथम आपलें लक्ष वेधावयाचें आहे. भीमाशंकरास ज्योतिर्लिंगाच्या देवळासमोर शनीचें लहानसें देऊळ आहे. तेथें एक भली मोठी घंटा टांगलेली असून तिच्यावर १७२९ हें साल इंग्रजी आंकड्यांत आहे. वाईजवळ मेणवलीस, नाना फडणिसांच्या वाड्यामागें, कृष्णेच्या घाटावर दुसरी घंटा आहे. तिच्यावर १७०७ हें साल असून बाळ येशूसह मेरीमातेची मूर्ति उठावानें काढलेली आहे. नाशिकास गोदेच्या कांठीं नारोशंकराच्या देवळाच्या दर्शनी भिंतीवर तिसरी घंटा आहे. ती १७२१ सालची, व तिच्यावरील अक्षरें पोर्तुगीज. तिन्ही घंटा महादेवाच्या सान्निध्यांत आहेत, आणि तिन्ही वसईच्या मोहिमेंतून वर घाटावर आल्या, असें आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलों आहोंत.

घंटा सासरीं आल्या आणि सुखानें नांदल्या. त्यांचें माहेर मात्र ओस पडलें. तें माहेर एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, या इच्छेनें गेल्या पौष महिन्यांत आम्ही चौघे मित्र एका दिवसाची सहल करून आलों. त्या सहलीचा वृत्तांत आणि तिच्यांतून निघालेला एक विचार आज आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आम्ही चौघेहि भोसरीचे. आज भोसरी म्हटलें कीं कारखान्यांच्या शेडी, ट्रकांच्या रांगा आणि पाळी बदलल्याचे भोंगे एवढेंच लोकांच्या डोळ्यांपुढें येतें. आमच्या बाळपणीं गांवाभोंवतीं अजून बाजरीचीं शेतें होतीं. भैरवनाथाचा उत्सव हा आमचा मोठा सण, आणि श्रावणांतील भीमाशंकर हा मोठा प्रवास. तेथील घंटेपर्यंत हात पोंचावा म्हणून आम्हां चौघांनाहि वडिलांनीं केव्हां ना केव्हां उचलून धरलेलें आहे. चौघांपैकीं मी प्राथमिक शाळेंतला निवृत्त मास्तर. दुसरे सैन्यांतून सुभेदार होऊन परतलेले, मराठ्यांच्या इतिहासाचे कडवे अभिमानी. तिसऱ्यांनीं सारी हयात एका फाउंड्रींत मोल्डर म्हणून काढली. त्यांस आम्ही मिस्त्री म्हणतों. चौथे शेतकरी, गळ्यांत तुळशीची माळ, वर्षाची वारी न चुकविणारे. ते आमचे बुवा. एकमेकांस आम्ही याच नांवांनीं हाक मारतों, व येथेंहि त्याच नांवांनीं त्यांचा उल्लेख करीन.

पहाटे चार वाजतां भाड्याच्या मोटारीनें निघालों. वाटेंत बुवांनीं देहूच्या दिशेस हात जोडले आणि आम्ही द्रुतगति मार्गास लागलों. हा मार्ग २००२ सालीं पुरा झाला, आणि त्याच्या बोगद्यांतून सह्याद्रि उतरतांना डोळ्यांवरची झापड पुरतीं उडण्यापूर्वींच माणूस कोंकणांत पोंचतो. सुभेदार म्हणाले, ‘‘गुरुजी, याच डोंगरावरून तोफा आणि दाणागोटा खालीं न्यावयाचा, तोहि बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या खांद्यांवर. म्हणजे काय झालें असेल!’’ पुढें कळंबोली, ठाणें आणि घोडबंदरचा रस्ता. ठाण्यास पोर्तुगीजांचा किल्ला बांधून पुरा होण्यापूर्वींच १७३७ सालीं मराठ्यांनीं तें ठाणें घेतलें. त्याच वर्षीं साष्टी बेट मराठ्यांकडे आलें आणि वसईच्या मोहिमेचें दार उघडलें. घोडबंदरची खाडी ओलांडली, आणि साडेआठच्या सुमारास आम्ही वसईच्या कोटाच्या भूमि दरवाजाशीं उतरलों. घरापासून अंतर सुमारें पावणेदोनशें किलोमीटर.

आतां या शहराची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे. गुजराथचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या स्वारीनें अडचणींत आला, तेव्हां त्यानें १५३४ च्या डिसेंबरांत तह करून वसई पोर्तुगीजांचा गव्हर्नर नूनो द कून्हा याच्या हवालीं केली. पोर्तुगीजांनीं समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यांत दगडी तटाचें शहर उभारिलें. तटाचा घेर सुमारें साडेचार किलोमीटर. दमणपासून चौलापर्यंत पसरलेल्या त्यांच्या ‘उत्तरेच्या प्रांताची’ ही राजधानी. १५८० सालीं पोर्तुगालचें राज्य वारसाहक्कानें स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाकडे गेलें, आणि १६४० पर्यंत दोन्ही मुकुट एकाच मस्तकावर राहिले. म्हणजे त्या साठ वर्षांत वसईचा राजा कोण, तर स्पेनचा राजा! आज आपल्याकडील सुखवस्तु कुटुंबें कादिझ, कार्ताहेना असलीं स्पेनचीं जुनीं दर्यावर्दी शहरें पाहावयास विमानानें जातात. अवश्य जावें. परंतु त्याच राजघराण्याच्या नांवानें साठ वर्षें कारभार चाललेलें एक शहर आपल्या लोकलगाडीच्या टप्प्यांत आहे, हें आपल्यापैकीं कितीकांस ठाऊक असेल?

या स्पेनच्या धाग्यांत वसईचा एक पुत्रहि गुंफला गेला आहे. गोन्सालो गार्सिया याचा जन्म याच शहरांतला. बाप पोर्तुगीज आणि आई येथलीच. तरुणपणीं तो जपानांत गेला व व्यापारांत पडला. पुढें स्पॅनिश अंमलाखालील मनिला येथें तो फ्रान्सिस्कन संघांत दाखल झाला, आणि स्पॅनिश धर्मोपदेशकांचा दुभाषी म्हणून पुन्हां जपानांत गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें सव्वीस जणांस क्रूसावर चढवून मारण्यांत आलें, त्यांत हा वसईकर होता. १८६२ सालीं रोमच्या धर्मपीठानें त्यास संतपद दिलें. भारतांत जन्मलेला हा पहिला ख्रिस्ती संत. वसईंत आज त्याच्या नांवाचें महाविद्यालय आहे.

असो. आम्ही दरवाजांतून आंत शिरलों. हा दरवाजा सरळ नाहीं. एक दार ओलांडलें कीं वाट वळते, आणि दुसऱ्या दाराशीं पोंचेपर्यंत शत्रूच्या अंगावर तटावरून मारा व्हावा अशी योजना. सुभेदारांनीं लष्करी नजरेनें ती जागा चालून पाहिली व ‘‘येथें शंभर माणूस हजारांस थोपवील’’ असा अभिप्राय दिला. आंत मात्र लष्कराचें नांव नाहीं. ताडांच्या झाडांतून पायवाटा गेल्या आहेत, आणि दर दोनशें पावलांवर छप्पर उडालेली एक भव्य इमारत आकाशाकडे तोंड करून उभी आहे. डोमिनिकन संन्याशांचा मठ १५८३ सालचा. संत जोसेफचें मुख्य प्रार्थनामंदिर त्याहून जुनें, पण १६०१ सालीं तें नव्यानें वाढविलें. या दोन्ही कामांचीं सालें स्पॅनिश राजांच्या साठ वर्षांत पडतात, हें श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल. फ्रान्सिस्कन संघाच्या संत अंतोनिओच्या मंदिरांत जमिनीवर थडग्यांच्या शिला बसविलेल्या आहेत. त्यांवरील कुलचिन्हें आणि नांवें लोकांच्या पायांखालीं झिजत आलीं आहेत. बुवांनीं वहाणा काढून हातांत घेतल्या आणि शिलांच्या कडेकडेनें चालूं लागले. कोणी कांहीं बोललें नाहीं. आम्हींहि तेंच केलें.

मिस्त्रींची पाहण्याची रीत वेगळी. आम्ही कमान किती उंच आहे तें पाहत होतों. ते कमानीच्या दगडांतील सांधे बोटानें चांचपीत होते. प्रत्येक दगड पाचरीसारखा घडलेला, चुन्याचा थर सुपारीच्या पानाएवढा पातळ. ‘‘गुरुजी, ही कमान बांधतांना खालीं लांकडी सांगाडा दिला असणार. मधला दगड बसला, सांगाडा काढला, कीं मग तिचें ओझेंच तिला धरून ठेवतें. आमच्याकडे सांचा फोडल्यावर काम कळतें, तसेंच हें.’’ येथल्या खाणींतला काळा दगड इतका नांवाजलेला होता कीं, गोव्याच्या बॉम जेझस बॅसिलिकेच्या दर्शनी कामासाठीं तो जहाजांतून वसईहून नेला. गोव्याच्या त्या चर्चची तसबीर आपण कॅलेंडरावर शेंकडों वेळां पाहतों, परंतु तिच्यांतील दगड वसईचा आहे ही गोष्ट आमच्या मिस्त्रींखेरीज कोणास फारशी आनंदाची वाटली नाहीं. ते मात्र दिवसभर त्याच आनंदांत होते.

येशूसंघाच्या मंदिराच्या पायऱ्यांवर आम्ही शिदोरी सोडली. भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. जेवतां जेवतां सुभेदारांनीं दिवसभर मनांत घोळत असलेला प्रश्न बाहेर काढला. ‘‘गुरुजी, राग मानूं नका. पण हीं फिरंग्यांचीं भिताडें सरकारनें कशासाठीं जपावयाचीं? तोच पैसा आपल्या गडांवर कां खर्चूं नये?’’

प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, कारण त्याच्यामागें खरें दुःख आहे. पोर्तुगीज अंमलांत देवळें पाडलीं गेलीं, उत्सवांस बंदी झाली. गोव्यास १५६० सालीं धर्मन्यायासन स्थापन झालें व त्याचा धाक या उत्तरेच्या प्रांतासहि बसला. हिंदु प्रजेला हा जाच असह्य झाला, तेव्हां अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे अशा स्थानिक मंडळींनीं पेशव्यांच्या दरबारीं खेपा घातल्या. वसईची मोहीम केवळ पुण्याच्या महत्त्वाकांक्षेंतून निघाली नाहीं. येथल्या रयतेच्या हांकेंतूनहि ती निघाली. सुभेदारांस हें सर्व पाठ होतें, आणि त्यांनीं तें बोलून दाखविलें.

मोहीम दोन वर्षें चालली. १७३७ व १७३८ मध्यें वसईवरचे हल्ले फसले. १७३९ च्या जानेवारींत तारापूर घेतांना बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. फेब्रुवारींत चिमाजी आप्पांनीं स्वतः वसईस मोर्चे दिले. उत्तरेंत त्याच वेळीं नादिरशहानें दिल्ली लुटली, आणि बाजीरावांस फौजेची निकड होती. तथापि आप्पांनीं वेढा उठविला नाहीं. दोन बाजूंस समुद्र व खाडी, एका बाजूस दलदल. जमिनीकडून जाण्यास उत्तरेकडील वाळूची चिंचोळी पट्टी तेवढी मोकळी. तेथें वाळूंत खंदक खणीत मराठे तटाच्या पायापर्यंत गेले आणि त्यांनीं सुरुंग ठासले. मे महिन्यांत बुरूज उडाले. पडलेल्या खिंडारांतून घुसतांना मराठे पुन्हां पुन्हां कापले गेले आणि पुन्हां पुन्हां चढले. आंतला सेनापति सिल्व्हेरा यापूर्वींच पडला होता. अखेर त्याच्या मागून आलेल्या अधिकाऱ्यानें पांढरें निशाण दाखविलें. २३ मे १७३९ रोजीं पोर्तुगीज शहर सोडून गेले. दोनशें चार वर्षांचा अंमल संपला.

आतां तहाचीं कलमें पाहा. फौजेनें हत्यारांनिशीं, नगारे वाजवीत, निशाणें फडकवीत बाहेर पडावें. कुटुंबांनीं आपली चीजवस्त बरोबर न्यावी. ज्यांना मागें राहावयाचें असेल त्यांनीं राहावें, आणि आपल्या धर्मानें चालावें. ज्या सैन्याचीं हजारों माणसें त्या तटाखालीं पडलीं, त्या सैन्याच्या सेनापतीनें हीं कलमें मान्य केलीं आणि पाळलीं. एवढें सांगून मी थांबलों.

सुभेदार म्हणाले, ‘‘तें आप्पांचें मोठेपण. पण त्यांनीं गोव्यांत आमचीं देवळें ठेवलीं काय?’’

बुवांनीं भाकरीचा तुकडा हातांत धरून सावकाश उत्तर दिलें, ‘‘नाहीं ठेवलीं. म्हणून तर लढाई झाली. त्यांनीं केलें तेंच आपण करावयाचें, तर मग लढलों कशासाठीं?’’

यावर मिस्त्री बोलले, आणि ते जें बोलले तेंच मला आज मुख्यतः सांगावयाचें आहे. ते म्हणाले, ‘‘सुभेदार, तुम्ही तोफांचे जाणते, मी ओतकामाचा. घंटेच्या धातूंत चार भाग तांबें आणि एक भाग कथील असतें. तोफेच्या धातूंत कथील कमी. दहांत एक भाग. म्हणजे घंटा वितळवून तिच्याच वजनाइतकें तांबें आणखी घातलें, कीं तोफेचा धातु तयार. युरोपांत लढाई आली कीं पुष्कळदां घंटा भट्टींत जात. आपल्या फौजेला तोफांची केवढी गरज होती! तरी या घंटा भट्टींत गेल्या नाहींत.’’

‘‘देवळाला घंटा लागते, म्हणून ठेवल्या,’’ सुभेदार म्हणाले.

‘‘मान्य. पण मग ती मेरीमाता? तें साल, तीं अक्षरें? मेणवलीची ती मूर्ति सांच्यांतच घेतलेली, बाहेरून उठावाची आहे. घंटेचा नाद तिच्या आकारांत आणि जाडींत असतो. वरची नक्षी घांसून काढली म्हणून नाद बिघडत नाहीं. एक कानस आणि दोन दिवस एवढेंच काम. पेशव्यांच्या राज्यांत कानस नव्हती काय? नानांच्या घाटावर तें चित्र तसेंच राहिलें, कारण तें पुसावें असें तेथें कोणास वाटलें नाहीं.’’

श्रोते हो, घंटा उचलून आणणें हें विजेत्याचें कृत्य आहे, ती लूटच आहे, हें मी नाकारीत नाहीं. परंतु लुटीलाहि दोन रीति आहेत. एकींत जिंकलेल्याची खूण पुसून वस्तु आपलीशी केल्याचा आव आणतात. दुसरींत वस्तु आपल्या देवापुढें टांगतात आणि ती कोठून आली हें तिच्याच अंगावर वाचूं देतात. पहिली रीत भित्र्याची आहे. दुसरींत स्वतःच्या विजयावर आणि स्वतःच्या देवावर भरंवसा आहे. महादेवाच्या दारीं मेरीमातेची मूर्ति राहिल्यानें महादेवास कांहीं उणें येत नाहीं, एवढी श्रद्धा ज्या समाजांत होती, त्या समाजानें वसई जिंकली. आज कोणत्याहि पक्षाचीं माणसें एखादी जुनी खूण पुसावयास निघतात, तेव्हां त्यांनीं मेणवलीची ती घंटा अगोदर जाऊन पाहावी असें मला वाटतें.

जेवण आटोपून आम्ही वसई गांवांत आलों. कोपऱ्यावर एक वृद्ध बाई वाळविलेलीं केळीं विकीत बसली होती. राजेळी केळीं सोलून उन्हांत सुकवितात, तीं मधासारखीं गोड लागतात. त्यांना सुकेळीं म्हणतात. बाईच्या गळ्यांत सोन्याचा लहानसा क्रूस होता, नेसूं तांबड्या चौकड्याचें लुगडें, आणि भाषा मराठीच. पण ती आमच्या मराठीहून निराळ्या लयीची. ‘‘पुण्याकडचे कां?’’ असें तिनेंच विचारिलें. सुभेदारांनीं उलट विचारिलें कीं, आपल्या घराण्याचें मूळ गांव कोणतें? तिला तो प्रश्नच नवलाचा वाटला. हेंच, ती म्हणाली. तिचें घराणें, तिची वाडी, तिची विहीर, सारें येथलेंच. कोट मागाहून आला, असें ती सहज बोलून गेली. सुभेदारांनीं दोन किलो सुकेळीं घेतलीं. घासाघीस केली नाहीं.

वसईच्या आसपासच्या गांवांतून राहणाऱ्या या ख्रिस्ती समाजाची कादोडी म्हणजे सामवेदी बोली ही मराठीचीच लेक. १७३९ सालीं ज्यांना मागें राहण्याची व आपल्या धर्मानें चालण्याची मुभा मिळाली, त्यांत यांचे पूर्वज होते. त्या एका कलमाचें पुढें काय झालें तें पाहा. याच वसईंतल्या नंदाखाल गांवीं जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुवार्ता’ मासिक अनेक वर्षें चालविलें, बायबल सोप्या मराठींत आणिलें, वसईचीं झाडें आणि विहिरी वांचविण्याच्या चळवळींत ते पुढें राहिले, आणि २०२० च्या जानेवारींत उस्मानाबादेस भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें. २०२४ सालीं ते निवर्तले. एकोणिसशें नव्हे, सतराशें एकोणचाळीस सालीं दाखविलेल्या औदार्याचें फळ मराठी भाषेच्या पदरांत पडावयास पावणेतीनशें वर्षें लागलीं, पण पडलें.

उन्हें कललीं तेव्हां आम्ही पुन्हां कोटांत आलों व दर्या दरवाजाबाहेर गेलों. समोर खाडीचें तोंड आणि पलीकडे भाईंदरचा किनारा. कोळ्यांच्या होड्या लागल्या होत्या, जाळीं वाळत होतीं. २०२४ पासून खाडींतून मोटारी वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली आहे, तीहि दिसली. कोटांतच चिमाजी आप्पांचा पुतळा आहे, आणि नागेश्वराचें देऊळ आहे. बुवांनीं देवाचें दर्शन घेतलें, सुभेदारांनीं पुतळ्यास खडी सलामी दिली. आणि मग, कोणीहि न विचारतां, ते उदास होऊन म्हणाले, ‘‘गुरुजी, येथेंच बाजीरावांनींहि सही केली ना?’’

होय, येथेंच. १७८० सालीं इंग्रज सेनापति गॉडर्ड यानें वसई घेतली, सालबाईच्या तहानें ती मराठ्यांस परत मिळाली. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, होळकरांच्या भीतीनें पुणें सोडून आलेल्या दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं वसईचा तह केला. इंग्रजी फौज पदरीं घेतली, तिच्या खर्चासाठीं मुलूख तोडून दिला आणि परराष्ट्रांशीं स्वतंत्रपणें बोलण्याचा अधिकार सोडला. चिमाजी आप्पांच्या विजयास तेव्हां अवघीं त्रेसष्ट वर्षें झालीं होतीं. ज्या शहराच्या तटावर मराठी सत्तेचें तेज सर्वांत लखलखीत दिसलें, त्याच शहरांत तिनें स्वतःच्या हातानें आपलें स्वातंत्र्य लिहून दिलें. वसईची शिकवण म्हणूनच एकेरी नाहीं. येथें पोर्तुगीजाला त्याचा जुलूम आठवावा लागतो, आणि आपल्यालाहि आपली फूट आठवावी लागते. वास्तु पाडून टाकल्या तर ही दोन्ही स्मरणें एकदमच जातील. सुभेदारांच्या दुपारच्या प्रश्नाचें उत्तर त्यांचें त्यांनाच मिळालें असावें, कारण तो विषय त्यांनीं पुन्हां काढला नाहीं.

एक गोष्ट मात्र शाळामास्तर म्हणून बोलल्यावांचून राहवत नाहीं. हा कोट पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे, आणि तशी पाटीहि दरवाजाशीं आहे. तरी आंतल्या भिंतींवर जेथें जेथें हात पोंचतो तेथें तेथें नांवें कोरलेलीं आहेत. तीं पोर्तुगीजांनीं कोरलेलीं नाहींत आणि मराठ्यांच्या फौजेनेंहि नाहींत. तीं आपल्या शाळा-कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेल्यांनीं, देवनागरींत, शुद्ध अक्षरांत कोरलेलीं आहेत. एकीकडे जुन्या थडग्यावरील अक्षर झिजून जातें आहे, आणि दुसरीकडे भिंतीवर कालचें नांव टवटवीत आहे. पिंपळाचीं मुळें सांध्यांत शिरून दगड उचकटीत आहेत. वसईचीं कांहीं तरुण मंडळी सुटीच्या दिवशीं येऊन हीं रोपें उपटतात, कचरा वेंचतात, आलेल्या मुलांना इतिहास सांगतात. त्यांत हिंदु आहेत, ख्रिस्ती आहेत. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस माझी विनंति आहे. वसई रोड स्टेशनावर उतरलें कीं कोटाकडे बस जाते, रिक्षा मिळते. थंडीच्या दिवसांत सकाळीं लवकर जावें, पिण्याचें पाणी बरोबर न्यावें, चालण्याची तयारी ठेवावी. मुलांस घेऊन जावें. त्यांना अगोदर दोन तारखा सांगाव्या, २३ मे १७३९ आणि ३१ डिसेंबर १८०२. बाकीचे प्रश्न तींच विचारतील. आणि परत येतांना खिशांत खडू, खिळा किंवा रंगाची कुपी जशी गेली तशीच परत आली आहे, एवढें वडिलांनीं पाहावें.

रात्रीं साडेअकराला आम्ही भोसरीस पोंचलों. कारखान्यांची तिसरी पाळी आंत जावयाच्या तयारींत होती. उतरतांना सुभेदारांनीं सुकेळ्यांचे चार वांटे केले, एक वांटा मिस्त्रींच्या हातांत जरा मोठाच पडला, आणि पुढची सहल मेणवलीस न्यावयाची, नातवंडांस बरोबर घ्यावयाचें, असें त्यांनीं जाहीर केलें. तारीख ठरली आहे. घंटेवरची मूर्ति मुलांस कोणी समजावून द्यावयाची यावर अद्याप वाद चालू आहे. मिस्त्री म्हणतात तें काम त्यांचें, सुभेदार म्हणतात त्यांचें.